तेल किती, तूप किती? बेळगाव सीमाभागातल्या स्वयंपाकघरासाठी मोजमापासकट मार्गदर्शन

"कुठलं तेल चांगलं?" हा प्रश्न रविवार पेठेत, हळदी-कुंकवाला, दवाखान्याच्या बाकड्यावर, सगळीकडे ऐकू येतो. कुणी करडईचं नाव घेतं, कुणी सूर्यफुलाचं, कुणी लाकडी घाण्याच्या शेंगतेलाचं, आणि हल्ली एखादी सून राइस ब्रानचा, म्हणजे भाताच्या कोंड्याच्या तेलाचा, डबाही आणते. "महिन्याला किती लागतं?" हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. वजन वाढलेल्या माणसाला हाच दुसरा प्रश्न जास्त लागू पडतो. घाण्याचं असो, रिफाइंड असो की घरचं साजूक तूप, एक ग्रॅम मेद साधारण ९ उष्मांक देतो. पिष्ट पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला ४ देतात. म्हणून आधी माप आणि मग जात, या क्रमानं पुढं जाऊ.

आपल्याकडचा स्वयंपाक मुळात कमी तेलाचा, असं घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अथणी-चिकोडीकडची जोंधळ्याची भाकरी, खानापूरकडचा भात, हुलग्याचं माडगं, वरण्याची उसळ, पुंडीची भाजी, ताक, या रोजच्या ताटात ओतलेलं तेल खरंच थोडं असायचं. मेद यायचा तो शेंगदाणे, कारळे, जवस, तीळ चावून खाल्ल्यानं. पण त्याच घरात येणगाई (भरली वांगी), मिरचीभजी आणि तुपात भिजलेली होळगीही (पुरणपोळी) होती. फरक एवढाच, की ती सणावारी व्हायची. आता दर रविवारी सण असतो, आणि भातलावणीला कंबर मोडून राबणारी माणसं स्कूटीवरून ऑफिसला जातात.

पायरी पहिली: कंबर मोजा

वजनकाट्याआधी शिंप्याची टेप घ्या. सरळ उभं राहा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मधे टेप आडवी फिरवा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही हद्द धरतात. त्यापुढं गेलं की पोटाच्या आतल्या चरबीकडं लक्ष द्यायला हवं. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढं, अशा शरीरयष्टीची माणसं "मी कुठं जाडा आहे?" म्हणून निर्धास्त असतात. टेप त्यांच्यासाठीच जास्त महत्त्वाची.

मग बीएमआय काढा: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १.५५ मीटर उंचीच्या आणि ६२ किलो वजनाच्या बाईचा बीएमआय सुमारे २५.८ येतो. पाश्चात्त्य कोष्टकात ३० पासून लठ्ठपणा धरतात, आपल्या लोकांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कारण आपल्याला मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच गाठतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांच्या पोटावर जादा चरबी आढळली. म्हणजे ओसरीवर पाच जण बसले असतील तर त्यातले जवळजवळ दोघे.

एक सूचना आताच देते. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, आणि आजारपणानं वाळलेली म्हातारी माणसं यांच्या ताटातलं तेल-तूप या लेखाच्या जोरावर तोडू नका.

पायरी दुसरी: महिन्याचं तेल वजनावर आणा

महिन्याच्या पहिल्या तारखेला घरात असलेलं सगळं तेल आणि तूप मोजा. महिन्यात आणलेलं त्यात मिळवा आणि अखेरीस उरलेलं वजा करा. हा आकडा घरात जेवणाऱ्या माणसांनी भागा, मग ३० नं भागा. पाव्हणे येऊन गेले असतील तर अंदाजानं वगळा.

इथं लिटर आणि किलो यांचा घोटाळा होतो. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम असतं. १५ लिटरचा डबा म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. १५ किलोचा डबा वेगळा आणि भावही वेगळा. हल्ली काही पाकिटं दिसायला लिटरची पण आत ८५० किंवा ८७० ग्रॅमची असतात, तेव्हा पाकिटावरचं निव्वळ वजन वाचा.

समजा चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल जातं. म्हणजे ४,५५० ग्रॅम. माणशी रोज ३८ ग्रॅम, साधारण ३४० उष्मांक, आणि यात तूप अजून धरलेलंच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २,००० उष्मांकांच्या ताटाला तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम सुचवले आहेत. त्या हिशेबानं चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर पुरायला हवं, तूप धरून. ज्यांना वजन उतरवायचं आहे आणि ज्यांचं काम बैठं आहे त्यांनी माणशी २० ग्रॅम धरावे, म्हणजे चौघांत अडीच-पावणेतीन लिटर.

देशाचा आकडा बघितला तर आपलं घर फार वेगळं नाही. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर गेल्याचं म्हटलं आहे. दिवसाला ५४ ग्रॅम झाले. यात हॉटेलं, बेकऱ्या, फरसाणवाले सगळे आले, पण ते फरसाण शेवटी आपणच खातो. फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तेल १० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं होतं. सुरुवात म्हणून ठीक आहे. मात्र पाच लिटरवाल्या घरात १० टक्के म्हणजे अर्धाच लिटर. तिथं थांबून चालणार नाही.

३८ वरून २७ ग्रॅमवर आलात तर दिवसाला १०० उष्मांक वाचतात. कागदावर वर्षाला चार-साडेचार किलो वजन होतं. प्रत्यक्षात त्याहून कमी उतरतं, कारण वजन घटलं की शरीराचा खर्चही घटतो. तरीही ही बचत उपाशी न राहता होते, हे विसरू नका.

पायरी तिसरी: तेल जातं कुठं ते पकडा

आठवडाभर किटलीतून थेट ओतणं बंद करा. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम तेल, ४० उष्मांक. तो चमचा तेलाच्या बरणीतच ठेवून द्या आणि सकाळी त्या दिवसाचं तेल एका वाटीत काढून घ्या. चौघांना माणशी ६ चमचे म्हणजे २४ चमचे. संध्याकाळी वाटी रिकामी झाली की दिवसाचं तेल संपलं. पहिल्या दिवशी ती बहुतेक दुपारीच संपेल.

पहिला चोर निघतो तो चपातीत. घडीची चपाती म्हटलं की आत तेल, भाजताना तेल, उतरल्यावर पुन्हा बोट फिरवायचं. एका चपातीला एक चमचा तेल सहज जातं. दुपारी तीन आणि रात्री तीन म्हणजे ६ चमचे, २७ ग्रॅम. दिवसाचा सगळा कोटा चपात्यांनीच खाल्ला, भाजी अजून फोडणीला पडायची आहे! घडीत अर्धा चमचा घाला आणि वरून लावू नका. कणीक कोमट पाण्यात सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवली तर कमी तेलातही चपाती मऊ राहते. आणि एका वेळेला भाकरी करा, तिला तेलाचा थेंब लागत नाही. फक्त भाकरीनं वजन वाढत नाही या भ्रमात राहू नका. १०० ग्रॅम पिठाची मोठी, जाड भाकरी ३०० च्या वर उष्मांक देते. तशा तीन खाऊन कुणी बारीक होत नाही.

दुसरी जागा फोडणीची. चौघांच्या आमटीला दोन चमचे तेल भरपूर होतं, अट एकच, भांडं लहान हवं. रुंद पातेल्यात दोन चमचे तेल तळाला नुसतं पसरतं, मोहरी बुडत नाही, मग हात आपोआप किटलीकडं जातो. लोखंडी फोडणीची पळी घ्या, थोडी तिरकी धरा, म्हणजे तेल एका बाजूला साचतं. मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि हळद गॅस बंद करून. ही फोडणी शिजलेल्या आमटीवर शेवटी ओतून लगेच झाकण ठेवा. मसाल्याचा वास तेलात उतरलेला असतो. तो उकळीत उडून जाण्याआधी ताटात पोचला तर निम्म्या तेलातही आमटी खमंग लागते.

कांदा परतायला तेल लागतं ते तो करपू नये म्हणून. त्यासाठी मीठ आहे. कांदा टाकल्याबरोबर चिमूटभर मीठ घाला, झाकण ठेवा, तळाला लागतोय वाटलं की पाण्याचा हबका मारा. दोन-तीन हबक्यांत कांदा लालसर मऊ होतो. बिडाची कढई असेल तर आणखी सोपं.

तिसरी जागा कुणाच्या लक्षात येत नाही: कूट आणि खोबरं. शेंगदाण्यात ४० ते ५० टक्के तेल असतं, सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून जास्त. ३० ग्रॅम कूट घातलं की १२ ते १५ ग्रॅम तेल भाजीत गेलंच. ते तेल वाईट नाही, उलट दाण्याबरोबर प्रथिनं आणि चोथाही मिळतो. पण कूट घालायचं आणि वर कोरड्या भाजीएवढं तेलही घालायचं, हा दुहेरी खर्च झाला. नियम असा ठेवा: कूट किंवा वाटण घातलं की फोडणीचं तेल निम्मं.

येणगाईचंच उदाहरण घेऊ. चौघांसाठी पाव किलो छोटी वांगी. नेहमीच्या पद्धतीत अर्धी वाटी तेल म्हणजे सुमारे ६८ ग्रॅम, ५० ग्रॅम कूट म्हणजे वीसेक ग्रॅम तेल, २० ग्रॅम खोबरं म्हणजे बाराएक ग्रॅम. एकूण १०० ग्रॅम, माणशी २५. एका भाजीत दिवस संपला. आता दुसरी पद्धत. कूट ३० ग्रॅम, खोबरं १० ग्रॅम, दोन्ही मंद आचेवर चांगलं भाजून. कारण कच्चट कुटाची चव झाकायलाच तेल जास्त ओतावं लागतं. त्यात कांदा-लसूण मसाला, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, कोथिंबीर. वांगी देठ ठेवून चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात टाका आणि मसाला दाबून भरा. जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे तेलाची फोडणी करा, वांगी एका थरात लावा, उरलेला मसाला आणि अर्धी वाटी गरम पाणी कडेनं सोडा. वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता. ताटातल्या पाण्यानं आतली वाफ थंड होऊन परत वांग्यांवर टपकते, त्यामुळं तळ लागत नाही. दहा मिनिटांनी ताट न काढता पातेलं दोन्ही हातांनी धरून हिंदकळवा, वांगी आपली आपण उलटतात. पाच-सात मिनिटांत देठ बोटानं दबतो. तेल सगळं मिळून ३३ ग्रॅमच्या आसपास, माणशी ८. तवंग दिसणार नाही. पाव्हण्यांसमोर ते काहींना खटकतं, पण चव कमी झाली असं म्हणायला जीभ धजावत नाही.

तवंगाचा एक सोपा उपाय: मटणाचा रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर थिजलेला चरबीचा पापुद्रा चमच्यानं काढून टाका. उसळीचा कट पळीनं वरच्यावर काढता येतो.

चटणीवर तेलाची धार ही आपली आवडती सवय. भाकरी, शेंगांची चटणी आणि त्यात खड्डा करून तेल. शेंगांच्या चटणीत तेल आधीच आहे. दही घ्या.

पायरी चौथी: तळण करायचंच असेल तर

तळण बंद करा म्हणणं सोपं आहे, पण पावसाळ्यात बेळगावात राहून भजी खाऊ नका असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. तेव्हा कमी तेल पिणारं तळण कसं करायचं ते बघू.

भजं तेलात पडलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती जोरानं बाहेर पडत असते. कढईत बुडबुडे दिसतात ते त्याचेच. जोवर वाफ बाहेर ढकलते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. भजं बाहेर काढलं की आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल या निवण्याच्या मिनिटभरात मुरतं. म्हणून भजी काढल्या काढल्या झारा कढईच्या काठाशी तिरका धरून दोन-तीनदा झटका आणि लगेच कागदावर पसरा. ढीग करू नका, खालची भजी वरच्यांचं तेल पितात.

तेल १७० ते १८० अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर कुणाकडं नसतो, तेव्हा पिठाचा थेंब टाका. तो तळाशी जाऊन लगेच वर आला की बरोबर. तळाशीच बसला तर तेल थंड, वरच्या वर लाल झाला तर जास्त गरम. थंड तेलातली भजी वाफ धरत नाहीत आणि स्पंजागत तेल पितात. एका घाण्यात कढई गच्च भरली की तेल एकदम निवतं, तेव्हा निम्मीच कढई भरा. पिठात मोहन घातलं तर तेवढं तेल आधीच पोटात गेलं, हेही धरा.

एकदा करून बघाच: तळणाआधी आणि नंतर तेलाचं वजन करा. फरक म्हणजे खाल्लेलं तेल. भजी मोजून भागा.

उरलेलं तेल गाळून, झाकून ठेवा आणि दोन दिवसांत भाजीला वापरून संपवा. त्यात पुन्हा तळू नका. तेल काळवंडलं, दाट झालं, फेस धरू लागलं किंवा आधीपेक्षा कमी आचेवर धुराळलं तर टाकून द्या. हॉटेलांसाठी जुलै २०१८ पासून नियमच आहे की वापरलेल्या तेलातले 'पोलर' घटक (तेल तापून बिघडलं की तयार होणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल बाद. नाक्यावरच्या गाड्यावर हे कोण मोजतं, हा प्रश्न वेगळा. कढईतलं तेल डांबरासारखं दिसलं तर पुढं चालू लागा, एवढं आपल्या हातात आहे.

पायरी पाचवी: आता तेलाची जात

दुकानात "काकी, हे घ्या की, शून्य कोलेस्टेरॉल हाय ह्यात" असं सांगून पाकीट पुढं केलं जातं. खोटं नाही, पण कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं ते मुख्यतः संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदानं. तेव्हा तेलात संपृक्त किती ते बघायचं.

करडई आणि सूर्यफुलात ते दहा टक्क्यांच्या आसपास असतं, सोयाबीनमध्ये पंधरा, शेंगतेल आणि राइस ब्रानमध्ये वीसच्या आतबाहेर. पाम तेलात जवळजवळ निम्मं, साजूक तुपात साठच्या वर आणि खोबरेल तेलात नव्वदच्या घरात. शेंगतेलात जवळपास निम्मा भाग एकअसंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) मेदाचा असतो. ऑलिव्ह तेलाची जी एवढी महती गातात ती याच मेदासाठी. ऑलिव्हमध्ये तो जास्त असतो, मान्य, पण शेंगतेल हाताशी असताना बेळगावच्या घरात महागडी बाटली आणायची गरज मला वाटत नाही.

करडईचं तेल एके काळी आपल्या पट्ट्यात सर्रास होतं. जोंधळ्याच्या शेताच्या कडेनं करडईचे काटेरी तास घालायचे, गुरं आत शिरायची नाहीत आणि घरचं तेलही व्हायचं. त्यात बहुअसंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड) मेद ७५ टक्क्यांच्या आसपास असल्यानं ते फोडणीला उत्तम. मात्र असं तेल जास्त आचेवर लवकर बिघडतं, म्हणून तळणाला वापरू नये. तळणाला शेंगतेल किंवा राइस ब्रान बरं.

लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण सध्या त्याचं वेड आहे. घाण्याच्या आणि रिफाइंड शेंगतेलातला मेद जवळजवळ सारखाच. घाण्याच्या तेलात वास आणि ई जीवनसत्त्व जास्त टिकतं, आणि वास दांडगा असल्यानं कमी तेलात काम भागतं, हा त्याचा खरा फायदा. पण औषध समजून जास्त घातलं तर उष्मांक तेवढेच. घाण्यावर जाल तेव्हा तेल बघण्याआधी पोत्यातले दाणे बघा. बुरशी लागलेल्या, काळपट, सुरकुतलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष असू शकतं. रिफाइंड करताना ते निघून जातं, घाण्याच्या तेलात ते उतरू शकतं. दाणे निवडून घेतात का ते विचारा, १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक बघा आणि महिन्या-दोन महिन्यांत संपेल एवढंच घ्या. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, गॅसपासून लांब ठेवा.

एकाच तेलाला चिकटून राहण्यापेक्षा दोन तेलं ठेवा: तळणाला आणि रोजच्या परतण्याला शेंगतेल, फोडणीला करडई किंवा सूर्यफूल. तिसरी गोष्ट बाटलीत मिळत नाही. ओमेगा-३ मेद या तेलांत नसल्यातच जमा, तो जवसात भरपूर असतो. १० ग्रॅम जवसातून साधारण २ ग्रॅम मिळतो. जवस मंद भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून चटणी करा आणि रोज एक मोठा चमचा खा. अख्खं जवस न पचताच बाहेर पडतं, म्हणून कुटलंच पाहिजे. चटणी आठ-पंधरा दिवसांपुरतीच करा, जवस लवकर खवट होतं. जवसाच्या तेलात फोडणी मात्र कधीही देऊ नका. कारळ्याची, म्हणजे आपल्या गुरेळाची चटणीही आलटून पालटून असू द्या.

पायरी सहावी: तूप, लोणी आणि डालडा

तुपाबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं तूप म्हणजे हृदयविकार, दुसरं म्हणतं तूप खाऊन वजन उतरतं. चहाच्या एका चमचाभर तुपात ४० ते ४५ उष्मांक आणि तीनेक ग्रॅम संपृक्त मेद असतो. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेद एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांत ठेवायला सांगते, म्हणजे २,००० उष्मांकांना २२ ग्रॅम. दूध, दही, शेंगा, तेल या सगळ्यांतून येणारा धरला तर वरणभातावर एक चमचा तूप निरोगी माणसाच्या हिशेबात बसतं. तीन चमचे बसत नाहीत. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी तो एक चमचाही डॉक्टरांना विचारून.

तूप तेलाच्या कोट्यातूनच मोजायचं. साय विरजून घरी कढवलेलं असेल तर उत्तमच, पण घरचं म्हणून ते उष्मांकांतून सुटत नाही. बेरीवर साखर घालून पोरांना देतो तेव्हा तेही धरा.

खोबरेल कारवारकडं रोजच्या स्वयंपाकात असतं. माशाच्या कढीला त्याची सर दुसऱ्या तेलाला नाही. त्या कढीपुरतं ठेवा.

वनस्पती तूप बाजारात १९३७ मध्ये डालडा या नावानं आलं आणि गरिबाचं तूप म्हणून घरोघरी शिरलं. त्यातले ट्रान्स मेद (तेल घट्ट करताना तयार होणारे) वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात. जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पतीत त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. तरीही संपृक्त मेद राहतोच. घरात वनस्पती आणू नका, एवढं पुरे.

पायरी सातवी: न दिसणारं तेल

घरचं तेल साडेतीन लिटरवर आणलं आणि संध्याकाळी चहाबरोबर खारी-बटर सुरूच ठेवली, तर हिशेब चुकला. खारीचे पापुद्रे सुटतात ते थरांमधल्या घट्ट मेदामुळंच. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात 'पामोलीन' (पाम तेल) किंवा 'हायड्रोजनेटेड' (घट्ट केलेलं तेल) शब्द शोधा. शेव, फरसाण, हायवेवरच्या ढाब्यावरचा अख्खा मसूर, लोणी डोसा, हे महिन्यातून किती वेळा ते कॅलेंडरवर टिपा. संध्याकाळच्या भुकेला चिरमुरे, कांदा, टोमॅटो आणि मूठभर फुटाणे घेतले तर तेल चमचाभरावर भागतं. भडंग मात्र तेलात चोळलेला असतो, नावाला चिरमुरे म्हणून फसू नका.

कुंदा आणि गोकाकचा करदंट या मिठाया आपली शान. करदंटात सुकामेवा असतो म्हणून तो पौष्टिक, हे खरंच. पण डिंक तुपात तळलेला आणि गुळाच्या पाकात बांधलेला. बाळंतिणीसाठी आणि राबणाऱ्या माणसासाठी हे खाणं. टीव्हीसमोर बसून डबा संपवायचा पदार्थ तो नव्हे. एक तुकडा, जेवणानंतर.

साखरेचंही इथंच सांगून टाकते. उसाच्या पट्ट्यात राहतो म्हणून चहा पाक होईपर्यंत गोड करायची गरज नाही. चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम, १६० उष्मांक. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. तेल कमी करून साखर तशीच ठेवली तर पोट जागचं हलणार नाही. भाताचंही तेच: घरचा बासमती कितीही सुवासिक असो, वाढणं दुसऱ्यांदा घेण्याआधी उसळ संपवा.

एका माणसाचा दिवस कसा बसतो ते बघा. सकाळी उप्पीट, एक चमचा तेल. दुपारी भाकरीला शून्य, भाजीला दीड, आमटीच्या फोडणीतला वाट्याचा अर्धा चमचा, भातावर एक चमचा तूप. रात्री दोन चपात्यांना मिळून एक, भाजीला एक. झाले सहा. ज्या दिवशी भजी, त्या दिवशी तूप नाही आणि रात्री भाकरी. वजन उतरवणाऱ्यांनी साडेचारवर यावं, त्यासाठी आधी चपातीचं आणि मग तुपाचं कापा, आमटीचं शेवटी.

पायरी आठवी: सण आणि जेवणावळी

दिवाळीचा फराळ पाच जातींचा करायचा की दोन, हे घरातल्या बायका ठरवतात. दोन करा. चिवड्याचे पोहे उन्हात किंवा कढईत कोरडे भाजून चार चमचे तेलाची फोडणी दिली तर अर्धा किलो चिवडा होतो, कुरकुरीतही राहतो. तळणाचं तेल फराळाच्या चार दिवसांत पुन्हा पुन्हा तापवू नका. कढई लहान घ्या, तेल कमी उरतं.

लग्नाच्या पंगतीत आग्रह टाळता येत नाही, पण ताटात आधी कोशिंबीर, भाजी, वरण घ्या. होळगी एक, तिच्यावर तूप एकदाच. मांडे असतील तर ते खा, रोज थोडेच मिळतात.

दर तीन महिन्यांनी कंबर पुन्हा मोजा. वजनाचा काटा हलला नाही तरी टेप आधी सैल होते, खासकरून जेवणानंतर रोज अर्धा तास चालणं जोडलं तर. कंबर हद्दीबाहेर असेल किंवा घरात मधुमेह-रक्तदाबाचा इतिहास असेल तर उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या मेदाची तपासणी), रक्तदाब आणि थायरॉईड तपासून घ्या. रात्री जोरात घोरणं आणि दिवसा डुलक्या येणं हेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. कोलेस्टेरॉलच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तेल कमी केलं म्हणून त्या परस्पर बंद करू नका. तपासणीला जाताना महिन्याच्या तेल-तुपाचा आकडा चिठ्ठीवर लिहून न्या. "तेल कमीच खाते हो" यातून डॉक्टरांना काही कळत नाही, "चौघांत तीन लिटर, तूप पाव किलो" यातून कळतं.